राजाच्या आईची सात वाक्यं

आमच्या दुबईतल्या मंडळाने स्नेहसंमेलनासाठी सातवाहन राजावर नाटिका लिहायला सांगितली, तेव्हा मी हुरळूनच गेले. शकांचा धुव्वा उडवणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो राजा! पण हे सगळं आपल्याला कळलं कुणामुळे? त्याच्या आईमुळे. लेकाच्या मागे, नातवाच्या राज्यात, त्या म्हातारीने नाशिकच्या लेण्यात त्याचे पराक्रम कोरून घेतले. म्हणून माझ्या नाटिकेत आधी लढाई होती आणि शेवटी आई एकटी येऊन सात वाक्यं बोलणार होती.

आईचं काम माझ्या तेरा वर्षांच्या मुलीकडे होतं. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. पण ही सात वाक्यं तिने दोन महिने घोटली. एकदा भांडी लावता लावता तिने चक्क मराठीत विचारलं, "आई, हे लिहिताना तिला रडू आलं असेल का गं?"

मंडळाच्या पेटीत जिरेटोप एकच होता, तोच सातवाहनाच्या डोक्यावर चढवला. दीड हजार वर्षांची चूक! ती मी गिळली.

कार्यक्रम ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये होता आणि हॉल पाचला सोडायचा होता. आधी प्रायोजकांचे सत्कार झाले. शाल, नारळ आणि प्रत्येकाचे 'दोन शब्द', जे दोनशेच्या आत कधी आटोपत नाहीत. मग लढाई. पंधरा सैनिक, बहुतेक त्याच प्रायोजकांची मुलं. त्यांना कात्री लावायची कुणाची टाप?

लढाई रंगात असताना सचिव विंगेत आले. "वहिनी, टाइम खलास. आईचा सीन ड्रॉप करू या."

"अहो, आईशिवाय हा राजा तुम्हाला माहीत तरी झाला असता का?"

"साहेबांना विचारलंय. ते ओके म्हणाले."

साहेब म्हणजे माझा नवरा, मंडळाचा खजिनदार. तो मागेच उभा होता. "दुसऱ्यांच्या मुलांना कसं सांगणार? ही आपली घरचीच आहे. समजून घेईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरचीच! खुर्च्या उचलायला घरचे, पंगतीत वाढायला घरचे, आणि जेवण कमी पडलं की उपाशी राहायलाही घरचेच. दगडावर दोन हजार वर्षं टिकलेल्या बाईला या लोकांनी पाच मिनिटांत घालवलं. मी तिथेच आवाज चढवला, पण तोवर पडदा पडला होता आणि टाळ्या वाजत होत्या. पांढरं लुगडं नेसून, केसांना पावडर लावून माझी मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

सिलिकॉन ओएसिसला घरी परतताना गाडीत नवरा म्हणाला, "बेटा, पुढच्या वर्षी तुझाच सीन पहिला घेऊ."

ती खिडकीबाहेर बघत होती. "नो नीड, बाबा. आय डोन्ट स्पीक मराठी."