कोरिया, मुक्काम पोस्ट केनवड

आम्ही नवरा-बायको गेल्या वर्षी कोरियाला जाऊन आलो, असं सगळं मालेगाव मानतं. (मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम जिल्ह्यातलं.) असं न मानणारी तालुक्यात तीनच माणसं आहेत. त्यातली दोन म्हणजे आम्ही.

कल्पना हिची, म्हणजे सुनंदाची. मी हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि घरी बसून पुस्तकं वाचू लागलो. त्याच सुमारास ही मोबाइलवर कोरियन मालिका पाहू लागली. दुपारी मी खुर्चीत एखाद्या साम्राज्याचा ऱ्हास वाचत असे आणि शेजारी दिवाणावर कोणीतरी कोरियन तरुण छत्री धरून रडत असे. एके दिवशी ही म्हणाली, "अवो, तिकडे आता पानगळ सुरू होते. सारी झाडं लाल-पिवळी. शहरात नवरा-बायको हातात हात घालून निसते पानं पायत हिंडतात."

"आपल्याकडे पानं पिवळी पडली की फोटो काढून कृषी सहायकाला पाठवतात."

"तुमी नोका येऊ. मी झाडाच्या हातात हात घालून हिंडीन."

यावर मी हसलो. ती हसली नाही. मग म्हणाली, "लग्नाले तीस वर्षं झाले. आपून दोघंच असे कुठी गेलो, सांगा बरं?"

मी आठवू लागलो. लग्नानंतर लगेच माहूरला गेलो होतो. जीपमध्ये चौदा जण. माझ्या मांडीवर मामेभावाचा मुलगा, हिच्या मांडीवर आत्याबाईंचा स्टोव्ह. चिखलदऱ्याला गेलो तेव्हा एका खोलीत अकरा जण झोपलो आणि आमच्या दोघांच्या मधे हिचे मेव्हणे होते. इतिहासाच्या मास्तराला पुरावा नाकारता येत नाही. मी कोरिया मान्य केला.

"पन एकच अट," ही म्हणाली. "कोणाले सांगू नोका. सांगतलं का सारे येतात."

मी तयारीला लागलो. दोनशे पानी वही घेतली. कोणत्या दिवशी कोणती पानं किती वाजता पाहायची, याचं वेळापत्रक केलं. जुन्या राजवाड्यात भाड्यानं राजा-राणीचे कपडे घालून फिरता येतं, म्हणून कमरेची मापं लिहून ठेवली. (माझं माप राजापेक्षा प्रधानाचं निघालं.) एका उंच मनोऱ्यावर जोडपी कुलूप लावून किल्ली खाली फेकून देतात, हेही टिपून ठेवलं. आमच्याकडे किल्ली हरवली की भांडण होतं, तिकडे प्रेम होतं! पासपोर्ट मागे कधीतरी नेपाळला जायचं ठरलं तेव्हा काढलेले होते. नेपाळ राहिलं, पासपोर्ट राहिले. त्यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर झोकदार सही केली. पेन्सिली, सुई-दोरा, हिंगाची डबी, सगळं यादीत होतं. असं नियोजन इतिहासात मोजक्या सेनापतींनी केलं असेल.

फक्त हिची ती अट माझ्या हातून मोडली.

दोष माझे साडू वसंतराव यांचा. यांना सारा गाव भाऊसाहेब म्हणतो. पंचायत समितीची निवडणूक हरल्यापासून ते कार्यसम्राट आहेत. चौकातल्या कोणत्याही बॅनरवर, वाढदिवस कोणाचाही असो, भाऊसाहेब असतातच. दोन वर्षांपूर्वी ते एकटेच आठ दिवस दुबईला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य 'आमी दुबईत होतो तवा' असं सुरू होई. येताना त्यांनी घरोघर खजूर वाटला होता. असा खजूर आपल्याकडे मिळत नाही, हे मी स्वतः चार लोकांना सांगितलं होतं. तर एका बारशात पंगतीत शेजारी बसून ते म्हणाले, "गुरुजी, दुबईत आमी होतो तवा असे गुलाबजाम..." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही कोरियाला चाललोय. शरद ऋतू पाहायला."

भाऊसाहेबांचा हात गुलाबजामवर थांबला. "कोरिया? दोघंच? काहून? आमी येतो ना!"

बारसं आटोपेपर्यंत कोरियाला जाणारे सतरा झाले होते. जेवण करायला सोबत महाराज न्यायचा का, यावर चर्चा सुरू होती. पलीकडच्या पंगतीतून ही माझ्याकडे नुसती पाहत होती. ते पाहणं अजून अंगावर येतं.

घरी येऊन तिनं एकच प्रश्न विचारला. "आता?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना निरोप पाठवला की व्हिसासाठी तीन वर्षांची आयकराची कागदपत्रं लागतात. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं सोडून उरलेल्या पंधराही जणांना आपला देश आवडू लागला.

"पन गुरुजी," भाऊसाहेब म्हणाले, "तुमाले वाटे लावाले त येऊ का नाई?"

मी हो म्हणालो. इथे चूक नंबर दोन.

कोरियाला जायचं होतं ऑक्टोबरच्या शेवटी. त्याच्या महिनाभर आधी मुंबईला जाऊन व्हिसाचे कागद द्यायचे होते, आणि मुंबईची ट्रॅव्हल्स मालेगावहून दुपारी चारला निघते. आम्ही एक बॅग घेऊन साडेतीनला चौकात आलो आणि समोर पाहतो तो बॅनर! 'कोरिया दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा'. वर माझा फोटो, डोळ्यांवर मी आयुष्यात न घातलेला गॉगल. शेजारी हिचा मतदार ओळखपत्रावरचा फोटो. पाठीमागे बर्फाचा डोंगर आणि एक उंट. (उंट दुबईच्या बॅनरवरून उरला असावा.) खाली शुभेच्छुक तेवीस, आणि त्यांत भाऊसाहेबांचं डोकं माझ्याहून मोठं. ताशा वाजू लागला. बायकांनी ओवाळलं. कोरियात काय भेटते न काय नाई, असं म्हणत प्रत्येकीनं डबा दिला. दशम्या, ठेचा, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लाडू. डब्यांच्या दोन पिशव्या भरल्या.

"सांगा न त्याहिले," ही माझ्या कानात म्हणाली. "आपून निसते कागद द्याले चाललो. परवा वापस येऊन राह्यलो."

"सांगतो."

तेवढ्यात भाऊसाहेबांनी माझ्या हातात माइक दिला.

बॅनर, हार, तुरे, सत्कार यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. पण समोर दोनशे माणसं, त्यांत निम्मे माझे जुने विद्यार्थी, आणि या वेळी मधल्या सुट्टीची घंटा होण्याची भीती नाही! मी म्हणालो, "बंधू-भगिनींनो," आणि पुढची वीस मिनिटं कोरियाचा शरद ऋतू, तिथले राजे, तिथली पानं यांवर बोलत राहिलो. ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर हॉर्न देत होता, त्याला मी हातानं थांबवलं. शेवटी म्हणालो, "पाच दिवसांनी परत आलो की उरलेलं सांगेन!" टाळ्या! ताशा! बॅनरखालून आम्ही गाडीत चढलो.

गाडी हलली. गळ्यातला हार काढत ही म्हणाली, "आता पाच दिवस कुठी राहायचं? मुंबईत?"

"बघू. कागद तर देऊ आधी."

तिनं फाइल मागितली. वेळ घालवायला ती एकेक कागद वाचू लागली. वही वाचली, हिंगाच्या डबीपर्यंत यादी वाचली. मग माझा पासपोर्ट उघडला आणि बराच वेळ उघडाच ठेवला.

"अवो, हा जूनमधीच संपला."

"काय संपला?"

"पासपोर्ट. मुदत."

मी चष्मा पुसून पाहिलं. साम्राज्यांच्या उदयास्ताच्या तारखा मला पाठ आहेत. ही एक तारीख राहून गेली. तीन झेरॉक्स काढल्या, तिन्हींवर सही केली, आणि तिन्ही वेळा त्या तारखेवरच सही केली होती!

"आता माघारी जाऊ," मी कसाबसा म्हणालो.

"माघारी? ओवाळून वाटे लावलेलं माणूस तासाभरात वापस येते का कुठी? न तुमचं ते भाषण? तोंड काय दाखवसान?"

बाहेर केनवडचा फाटा दिसू लागला. केनवडला आमचं शेत आहे, गावापासून लांब, विहिरीजवळ मोटारीची एक खोली. सोयाबीन पिकून वाळायला लागलं की काढणीपर्यंत आठ-दहा दिवस शेतात कोणी फिरकत नाही. हिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डब्यांच्या पिशव्यांकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "दादा, गाडी थांबवा! आमाले इथंच उतरा लागते."

"काकू, कोरिया?" ड्रायव्हर म्हणाला.

"आला!" ही म्हणाली.

त्या खोलीत आम्ही पाच दिवस राहिलो. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर भाऊसाहेबांचं निवडणूक चिन्ह, निळी कपबशी, अजून आहे. (मला न विचारता रंगवलेली. ते पडले, रंग टिकला.) समोर आमचं सोयाबीन पिवळंधमक झालेलं, वारा आला की पानं भुरभुर गळायची. विहिरीत थंड पाणी, पिशव्यांत डबे. सकाळ-संध्याकाळ आम्ही बांधावरून हिंडायचो. पहिल्या दिवशी हातात हात घेताना मला इतका संकोच वाटला की मी आधी चारी बाजूंना पाहून घेतलं. एक म्हैस होती.

"तिले सवय हाये, पायत नाई ते," ही म्हणाली.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा व्हिडिओ कॉल आला. मी नाही घेतला, तर पुन्हा आला. शेवटी भिंतीला पाठ लावून घेतला.

"गुरुजी! दाखवा कोरिया!"

मी मोबाइल क्षणभर शेताकडे फिरवला.

"वा! पानं खरंच पिवळे बापा! पन हे त सोयाबीन दिसते?"

"इथे सोयाबीनच खातात," मी म्हणालो. (हे खरं आहे. मी वाचलं होतं.)

"असं का? मंग येताना थोडकं बी आना."

ही तोंडात पदर कोंबून खोलीत पळाली.

शेवटच्या संध्याकाळी तिला ते मनोऱ्यावरचं कुलूप आठवलं. खोलीचं कुलूप तिनं निंबाच्या झाडाला असलेल्या गुरं बांधायच्या साखळीला लावलं आणि म्हणाली, "आता किल्ली फेका." मला भरून आलं होतं. मी डोळे मिटले आणि किल्ली विहिरीत फेकली. बुडूक असा आवाज आला. आवाज एका किल्लीच्या मानानं मोठा वाटला. त्याच कड्यात घराची किल्ली होती.

सहाव्या दिवशी केनवडहून एसटीनं मालेगावात उतरलो. हार झाले, ताशा झाला, मिरवत घरापर्यंत आणलं आणि सगळे दारात थांबले. कुलूप होतं.

"किल्ली कुठी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कोरियात राहिली," मी म्हणालो. हे मी अगदी प्रामाणिकपणे म्हणालो.

कुलूप तोडायला माणूस येईपर्यंत भाऊसाहेब आम्हाला त्यांच्या घरी घेऊन गेले. साळीबाई, म्हणजे हिची बहीण, आणि ही आत गेल्या. मी पिशवीतून सोयाबीनची पुडी काढून भाऊसाहेबांना दिली. त्यांनी दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि दार लोटून घेतलं.

"गुरुजी, कोरियात माह्या पार्टीची शाखा कवा निघाली?"

"म्हणजे?"

"तुमच्या डोस्क्यामांगं कपबशी होती ना! निळी. माह्याच रंगाची."

आता हा माणूस चौकात बॅनर लावणार, या वेळी उंट काढून म्हैस लावणार! मी हात जोडले. "भाऊसाहेब, कोणाला सांगू नका."

"म्या कायले सांगू?" ते हळूच म्हणाले. "म्या दुबईत आठ दिवस कुठी होतो, इचारा."

"कुठे?"

"आपल्याच तालुक्यात, शिरपूरच्या धर्मशाळेत. नागपूरले इमान पाह्यलं न भेव लागलं, तिथूनच वापस फिरलो. बॅनर त लागलं होतं! कुठी जाता? जैनाइच्या तीर्थात कोण पायते आपल्याले? आठ दिवस सूर्य बुडाच्या आत जेवलो. लोक म्हने, भाऊसाहेब, दुबई मानवली, बारीक झाले."

"आणि तो खजूर?"

"अकोल्याचा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी चौघाले सांगतलं असा खजूर इकडे भेटत नाई, मंग साऱ्याइले पटलं. गुरुजी, तुमी वाचलेले मानूस. तुमच्यावर लोकाइचा इश्वास हाये."

परतताना हे सगळं मी हिला सांगितलं. ती रस्त्यात थांबून हसली. मग घर आलं, तोडलेलं कुलूप दिसलं, तेव्हा म्हणाली, "शिरपूरची धर्मशाळा कशी हाये म्हने?"

"स्वच्छ आहे. आणि ओळखीचं कोणी भेटत नाही."

तेव्हा येत्या शरद ऋतूत आम्ही दोघं दुबईला जायचं ठरवलंय. फक्त दोघंच. तिची अट तीच आहे, कोणाले सांगू नोका, आणि या वेळी मी ती कसोशीनं पाळतो आहे. अजून कोणाला एक शब्द बोललेलो नाही. हे फक्त लिहून काढलंय.