काचेच्या कपाटातला कॅलिपर

मित्रांनो, दुपारी एक गोष्ट घडली. कुणाला तरी सांगावं म्हणून लिहितोय.

मी पॉलिटेक्निकात मेकॅनिकल शिकवतो. आज शेंद्र्याच्या एमआयडीसीतली एक कंपनी आमच्याकडं मुलाखती घ्यायला आली होती. वर्गात कायम पहिली येणारी वैशाली आत आली. वैजापूरकडची पोरगी. गावात पाण्याचे टँकर सुरू झालेत. घरचे म्हणालेत, आता शहरातच काम बघ.

कंपनीच्या साहेबांनी तिच्या हातात व्हर्निअर कॅलिपर अन् एक बोल्ट दिला. "जाडी मोजून सांग, बेटा."

तिनं कॅलिपर उलटा धरला. मग हळूच खाली ठेवला. "सर, मी याची आकृती काढून दाखवू का? सगळ्या भागांच्या नावांसकट?"

साहेब हसले असते तरी चाललं असतं. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "आम्हाला माणसं लई पाहिजेत हो. पण इथली घ्यायची कशी?"

बाहेर आल्यावर वैशाली म्हणाली, "सर, आपल्या कपाटात असतात तेच ना हे?"

व्हय, तेच. बारा कॅलिपर आहेत आमच्याकडं. एखादा मोडला, हरवला तर चौकशी माझी होणार. म्हणून तपासणीला समिती आली की मी ते पुसून टेबलावर मांडतो. समिती गेली की परत कुलपात. पोरांना फळ्यावरच शिकवतो.

शहराभोवती रोज नवा कारखाना उभा राहतोय. आमची पोरं त्याच्या गेटवरून परत येतायत. उद्या वैशालीला कोणत्या तोंडानं भेटू?

कपाटाची किल्ली आत्ताही माझ्याच खिशात आहे.