पालीच्या बायकांची सरासरी

उर्मिला खेडेकर मूळची रत्नागिरीकडची. लग्नानंतर भाईंदरला आली आणि लोकांचं रक्त तपासता तपासता तिची वीस वर्षं गेली. तिच्या संस्थेचं आरोग्य केंद्र आठवड्यातून एकदा भाईंदरजवळच्या पाली या कोळ्यांच्या गावात भरायचं. मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या बायका धापा टाकत यायच्या. त्यांतली फिलोमिनाबाय म्हणायची, "चक्कर येते, पन बसाला टायम न्हाय."

तरी यंदा संस्थेच्या अहवालात छापून आलं: पालीतल्या बायकांचं सरासरी हिमोग्लोबिन बारा. म्हणजे पुरेसं. लोहाच्या गोळ्यांचं शिबिर पालीतून हलवायचं ठरलं.

"हा आकडा चुकीचा वाटतोय, सर," उर्मिला म्हणाली.

"वाटून काय होतं, उर्मिलाताई? दाखवा," संस्थेचे प्रमुख जितेंद्र सर म्हणाले. "पंधरा दिवस आहेत."

केंद्रात आजारीच बायका येतात, त्यांचं रक्त धरून चालणार नव्हतं. म्हणून तिने मतदारयादीवरून चिठ्ठ्या टाकून नऊ जणी निवडल्या. सरासरी आली ११.४. ती हरखली. पण संख्याशास्त्र शिकणारी तिची भाची अनुष्का गणित मांडून म्हणाली,

"मावशी, बारा खरं धरलं, तरी शंभरात आठ-नऊ वेळा नुसत्या योगायोगाने इतकी कमी सरासरी येऊ शकते. शंभरात पाचपेक्षा कमी वेळा येणार असेल तरच बारा खोटं म्हणायचं, असं आपण ठरवलं होतं."

"म्हणजे बारा खरं?"

"तसंही नाही. खोटं म्हणायला पुरावा कमी पडतोय."

उर्मिलाने यादी पुन्हा चाळली. त्यात एकीचं १३.६ होतं. ते एक नाव गाळलं तर? हातात पेन धरून ती बराच वेळ बसली. मग वही मिटली आणि नव्याने छत्तीस चिठ्ठ्या काढल्या.

आठ दिवस ती गल्लोगल्ली फिरली. बोटाला सुई टोचून रक्त तपासायची. आकडा बाराच्या खाली आला की बरं वाटायचं, आणि समोरच्या बाईचा फिकट चेहरा बघून त्याचीच लाज वाटायची.

शेवटी सरासरी आली ११.५.

"आधीपेक्षा जास्तच!" उर्मिला म्हणाली.

"पण या छत्तीस जणी आहेत," अनुष्का म्हणाली. "बारा खरं असतं तर इतक्या जणींची सरासरी एवढी खाली यायची शक्यता शंभरात एकसुद्धा नाही."

सरांनी कागद दोनदा वाचला. शिबिर पालीतच राहिलं. पण यादीत एकीचं हिमोग्लोबिन नऊच्याही खाली होतं. शिबिराची वाट न पाहता उर्मिला तडक तिच्या घरी निघाली.