कुटुंबाला खोली

आमच्या धर्मशाळेचे शेठजी नाकाने कांदे सोलण्यात साऱ्या नागपुरात पहिले. 'आमच्या' एवढ्याचसाठी, की माझी आई तिथे स्वयंपाक करायची आणि आम्ही दोघी मागच्या खोलीत राहायचो. शेठजींचा नियम असा: एकट्या बाईला जागा नाही. सोबत पुरुष असला की ते कुटुंब, आणि कुटुंबाला तीन रात्री खोली फुकट.

मी कापडगिरणीत कामाला जायचे, तिथे माझ्या शेजारी सूत गुंडाळणारी एक होती. खापा गावाकडची, बाविशीची, नवऱ्याने टाकलेली. बाजाराला आलेला कोणीतरी दारात "ही माही घरवाली" म्हणायचा, तेव्हा तिला छप्पर मिळायचं. त्याचं मोल तो रात्री वसूल करायचा. मग पुन्हा नवा नवरा. दारात खोल्यांची वही लिहिणारे मुनीमजी परस्त्रीकडे बघणं पाप मानत, म्हणून मान खाली घालून "कुटुंब?" एवढंच विचारत. लुगडं तेच, पाय तेच, तरी त्यांना कधी काही दिसलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं. हे तर कपाळाला गंध लावून पीत होतं.

शेवटी तिला गरमी झाली, पुरुषाच्या सोबतीतून लागणारा रोग. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर आठवड्याला सुई, आणि बरी होईपर्यंत पुरुषाची सोबत बंद. सुई घेता आली असती. पण पुरुषाशिवाय झोपायचं कुठे?

"खरं सांगून पाह्य वं," माझी आई तिला म्हणाली. "शेठजी धरमी मानूस हायेत."

ती एकटीच शेठजींच्या गादीसमोर उभी राहिली. "मले बिमारी लागली, शेठजी. नवरा नाही. बरी होतपर्यंत सैपाकघरापाशी झोपू द्या."

शेठजींनी धोतराचा सोगा आवरला, जणू रोग उडून अंगावर येणार होता. "एकट्या बाईले ठेवलं तं धरमशाळेचं नाव खराब होईन. अन् तुह्यासारखीले तं मुळीच नाही."

आमची भाकरी तिथलीच. आई परत चुलीपाशी गेली. मला त्या माणसाची किळस आली, ती आजही तशीच आहे.

त्याच संध्याकाळी ती संत्र्यांच्या एका तरण्या गाडीवानासोबत आली. आजाराचं तिने त्याला सांगितलं होतं. जवान माणसाला काही होत नाही, असं म्हणून तो हसला होता. मुनीमजींनी खालमानेने विचारलं, "कुटुंब?" गाडीवान हो म्हणाला.

शेठजी ओसरीवरच बसले होते. त्यांनी तिला ओळखलं. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

"आता कसं बराबर," ते म्हणाले. "द्या खोली."