तळहात पुढे

मुलींनो, आठवतं का? शाळेत सिस्टर पट्टी मारायच्या तेव्हा आपण तळहात पुढे करून गप्प उभ्या राहायचो. हात मागे घेतला की दोन जास्त.

मी इथे ऑकलंडच्या एका वृद्धाश्रमात मदतनीस आहे. आज सकाळी विस्मरणाचा आजार झालेल्या एका आजोबांना शर्ट घालत होते. ते अचानक खवळले. पहिल्या ठोशात चष्मा फुटला, दुसऱ्यात ओठ. मग केस धरून त्यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा. मी गप्प उभी! सहकारी धावत आली तेव्हा मी सुटले.

दुपारी नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती. पदवीधरांसाठी दोन वर्षांचा कोर्स आहे. सत्तावन्नाव्या वर्षी आर्किटेक्टचं काम सोडून मदतनीस झाले, ती त्याचसाठी. सुजलेल्या ओठाने गेले आणि मार खाऊनही शांत राहिले, हे अभिमानाने सांगितलं.

मुलाखत घेणारी नर्स उखडली. "शांत? तू पडलीस तर त्यांना कोण सांभाळणार? मदतीला हाक मार. आत्ता, माझ्यासमोर."

मी किंचाळले. कॉरिडॉरमधून दोघे धावत आत आले.

ती हसली. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास. " फेब्रुवारीत वर्गात भेटू."

म्हणून आता जुन्या कामाच्या सामानाचं वाटप. ड्रॉइंग बोर्ड इथेच फ्लॅट बुश भागात राहणाऱ्या आपल्या स्वातीला. ऑफिसचे ब्लेझर तिच्या सुनेला, तिला इंटरव्ह्यूला लागतील. फुटका चष्मा माझ्याकडेच राहील.

आणि मीनल, माझी गर्ल गाइडची शिट्टी अजून तुझ्याकडेच आहे ना? पोस्टाने पाठव. ती माझ्या नातीला द्यायची आहे.