अप्पांचा फोन अजून कोर्टात आहे

मन्मथअप्पा गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. मी इकडं तिरुपूरला, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर. आईनं फोनवर चाचरत सांगितलं, "अप्पा गेले गं... गिरणीतच. पट्टा चढवता चढवता खाली बसले ते बसलेच." आधी सांगून तरी तू कुठं पोचणार होतीस, असंही म्हणाली. मला रडू आलं नाही, आधी भीती वाटली. आता माझ्या केसचं काय? हे लिहायला लाज वाटते, पण अप्पांविषयी लिहिताना खोटं नको.

युसूफ वडगावच्या पुढं आमचं लहानसं गाव. थांब्याजवळ अप्पांची पिठाची गिरणी. आठवीत माझी शाळा सुटली तेव्हापासून घरचं दळण नेणं माझ्याकडं. गिरणीच्या आवाजात फोन वाजला तरी ऐकू यायचा नाही, म्हणून त्यांच्या बायको, महादेवीकाकू, घरून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलका निरोप पाठवायच्या, "आवं, जेवाया या. भाकर गार व्हायलीय." अप्पा मोटार बंद करायचे, पिठाचे हात धोतराला पुसायचे आणि फोन कानाला लावायचे. काकू वारल्या तरी दुपारी एकला मोटार बंद व्हायचीच. तोच जुना निरोप ऐकून अप्पा जेवायला जायचे. फोनमधलं काही म्हणून पुसायचे नाहीत. शुभ सकाळच्या फुलांनी तो इतका गच्च भरलेला की पोरं म्हणायची, अप्पा, फोनमधी बी दळणाची रांग लागलीय का? "लागू दे बे," अप्पा म्हणायचे, "तुझा नंबर शेवटी हाय."

मी वीस वर्षांची असताना एका बड्या घरच्या मुलाला लग्नाला नकार दिला. आठवडाभरात गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या नंबरवरून माझा फोटो आला. चेहरा माझा, अंग भलत्याच बाईचं. माझे चुलते, नाना, घरोघर फिरले. हातापाया पडून प्रत्येकाच्या फोनमधून तो फोटो पुसायला लावला. आईनं माझ्या फोनमधलाही काढला. पुसलं की अब्रू वाचली, असं आमच्याकडं वाटतं... दोन दिवसांनी मी तक्रारीचं बोलले, तेव्हा दाखवायला काही उरलंच नव्हतं. तो मुलगा पारावर बसून सांगायला लागला, मी कुठं काय टाकलं? दाखवा की.

त्या दिवशी स्कार्फनं तोंड गुंडाळून मी दळण घेऊन गेले. अप्पांनी मोटार बंद केली.

"तोंड कावून बांधलंस?"

मी दळणाचा डबा पुढं सरकवला.

"तू काय केलंस? ज्यानं केलं त्यानं बांधावं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाना माझ्याकडं बी आलता. मी म्हणलं, मला पुसाया येत न्हाई." जरा थांबून मिश्यांत हसले. "येतंय की."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं बीडला सायबरच्या ठाण्यात गेलो. साहेबांनी फोन पाहिला आणि सांगितलं, हा जमा करावा लागेल. आहे तसा पाकिटात सीलबंद. कधी परत मिळेल ते आज सांगता येणार नाही. मला काकूंचा आवाज आठवला. मी हळूच म्हटलं, अप्पा, आधी तो निरोप दुसरीकडं घेऊ. साहेब म्हणाले, आता फोनमध्ये काही करू नका, उद्या समोरचा वकील तेच धरून बसेल. अप्पांनी विचारलं, ऐकलं तर चालंल? साहेबांनी मान डोलावली. त्या खोलीत, सगळ्यांसमोर, अप्पांनी फोन कानाला लावला. शेजारी मलाही ऐकू आलं, "आवं, जेवाया या..." मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "घ्या. तिनं बी हेच केलं असतं." आणि प्रत्येक कागदावर सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

नंतर निम्म्या गावानं दळण दुसऱ्या गिरणीत न्यायला सुरुवात केली. अप्पांनी पट्टा काही उतरवला नाही. नवा फोनही घेतला नाही. दुपारी एकला मोटार बंद करून नुसते पायरीवर बसायचे, आणि मी हे पाहून मान खाली घातली की खेकसायचे, "वर बघ."

मी इकडं आले तीही भीतीनंच. अजून अनोळखी नंबर आला की मी फोन पालथा ठेवते. गेल्या रविवारी मात्र नंबर ओळखीचा होता. नानांचा बोलका निरोप, "अप्पा गेला, पोरी. आता साक्षीदारच न्हाई. ते लोक माफी मागाया तयार हायती, घरातल्या घरात मिटवू." मी सरकारी वकीलबाईंना फोन केला. अप्पांची साक्ष व्हायची राहिली, म्हणून अवघड जाईल, त्या म्हणाल्या. पण फोन आहे, अप्पांची सही आहे, आणि तू आहेस.

नानांचा निरोप मी पुसलेला नाही. जेवणाच्या सुट्टीला वेळ होता, आजूबाजूला शंभर मशिनी खडखडत होत्या, तरी मी तिथंच फोन तोंडाजवळ धरून उत्तर पाठवलं, "नाना, तारखेला मी येतेय. तोंड न बांधता."

आवाज कापला असेल. कापू दे.

त्या सीलबंद पाकिटात माझा फोटो आहे आणि काकूंची हाकही. बॅटरी केव्हाच उतरली असेल. गिरणी आता अप्पांचा मुलगा चालवतो; निकाल लागला की त्याच्याबरोबर जाऊन मी तो फोन सोडवून आणणार, गिरणीत चार्जिंगला लावणार. आणि दुपारी एकला मोटार बंद करायला सांगणार.