लाइन क्लिअर देणारे चाचा

जगातली निम्मी औषधं आमच्या तुंगार्लीच्या चाचांनी अडवून धरली आहेत, हे मी शपथेवर सांगेन. चाचांचा उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेला. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही सवय निवृत्तीनंतर मोबाइलवर उतरली. ग्रुपवर कुणी मधुमेहावर कारल्याचा रस टाकायचा अवकाश, चाचांचा फोन आलाच म्हणून समजा. तुला कुणी पाठवलं, त्याला कुणी पाठवलं, डॉक्टर कोण, बसतो कुठे, आणि औषध विकणाराही तोच का? उत्तरं वेळेसकट वहीत उतरवायची. एकदा त्यांच्या व्याह्यांनी गुडघेदुखीवर हळदीचा लेप पाठवला. चाचा सहा फोन करून मागे मागे गेले, तर लेपाचा उगम व्याह्यांच्याच मेहुण्यापाशी निघाला. त्या ईदला व्याह्यांनी शिरखुर्मा मुकाट्यानं खाल्ला. मीही पूर्वी असले उपाय हौसेनं पाठवायचो. आता हात धजत नाही.

संध्याकाळी चाचा तळ्याकाठी बसतात. धुकं उतरतं, पलीकडचे बंगले एकेक करून पुसले जातात, आणि चाचा लांबच्या कुठल्या तरी गाडीची वाट पाहत असल्यासारखे दिसतात. तेव्हा ते मला फार आवडतात.

चाचींची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा तळेगावला डायलिसिस, आणि त्याला त्या पार कंटाळलेल्या. मध्यंतरी भाचीनं त्यांना एक व्हिडिओ पाठवला: अमुक पानांचा काढा घ्या, महिन्यात डायलिसिस बंद. चाचींनी जाहीर करून टाकलं, मंगळवारी मी काही जायची नाही. सोमवारी संध्याकाळी मी तळ्यावर गेलो, तर चाचा मोबाइल मांडीवर ठेवून बसलेले.

"व्हिडिओतला नंबर लावला. डॉक्टर नव्हताच तो, पुड्या विकणारा होता," ते म्हणाले.

मग त्यांनी मोबाइल मांडीवर उलटा करून ठेवला.

"व्हिडिओ शनिवारीच आला होता, बेटा. मी फोन आज लावला. दोन दिवस ती घरात गुणगुणत होती रे. म्हटलं, तेवढे दोन दिवस खरं असू दे."

घरी जाऊन त्यांनी चाचींना काय सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही. मंगळवारी सकाळी दोघं रिक्षानं स्टेशनकडे निघालेली दिसली. चाचींच्या अंगावर शाल होती, आणि त्यांची फाइल चाचांनी छातीशी धरली होती.